मुखवटा, गर्दी आणि नोंदी : हॅक्टिव्हिस्ट गट आणि ऑनलाइन निनावीपणा

संगणक सुरक्षा हा विषय शिकवायला घेतला की तिसऱ्या किंवा चौथ्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, व्हीपीएन लावले की कोणी पकडू शकत नाही ना?" विचारणारा बहुधा शेवटच्या बाकावरचा असतो आणि वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर द्यायला एक तास पुरत नाही, म्हणून ही टिपणे.

सुरुवात मुंबईपासून करू. मे १९९८ मध्ये ११ आणि १३ तारखेला भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाचा गट शिरला. गटातली बहुतेक मुले १५ ते १८ वर्षांची, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान होती. ती वेगवेगळ्या देशांत राहत होती आणि एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेली नव्हती. त्यांनी केंद्रातले काही ई-मेल उतरवून घेतले, सर्व्हरवरची माहिती पुसली आणि संकेतस्थळाच्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र लावून अण्वस्त्रांविरुद्ध मजकूर लिहिला. गेलेल्या ई-मेलांत गोपनीय असे काही नव्हते, असे केंद्राकडून सांगण्यात आले.

राजकीय किंवा सामाजिक म्हणणे मांडण्यासाठी केलेल्या अशा घुसखोरीला किंवा अडवणुकीला हॅक्टिव्हिझम म्हणतात. हॅकिंग आणि ॲक्टिव्हिझम हे दोन शब्द जोडून १९९० च्या दशकात तो तयार झाला. पैशासाठी बँक खाती रिकामी करणारा आणि हॅक्टिव्हिस्ट यांच्या हेतूंत फरक असतो. तांत्रिक कृतीत आणि कायद्याच्या कलमांत तो फरक फारसा उरत नाही.

आता आपल्या विषयाचा मुद्दा. ही मुले तुर्भ्याच्या सर्व्हरवर थेट आली नाहीत. टेलनेट वापरून ती आधी अमेरिकेतल्या नासा, नौदल आणि लष्कराच्या संगणकांत शिरली आणि तिथून पुढे आली. भाभा केंद्राच्या सर्व्हरला दिसला तो या साखळीतल्या शेवटच्या संगणकाचा पत्ता.

असे का होते, ते समजून घ्या. टीसीपी जोडणीत प्रत्येक सर्व्हरला फक्त आपल्याशी बोलणाऱ्या संगणकाचा आयपी पत्ता कळतो. त्या संगणकाशी मागून कोण बोलत आहे, ते कळत नाही. म्हणून साखळीतला मूळ माणूस शोधायचा तर प्रत्येक टप्प्यावरच्या संगणकाच्या नोंदी, म्हणजे लॉग, मिळवाव्या लागतात आणि त्या पुसल्या जाण्याआधी मिळवाव्या लागतात. १९९८ मध्ये हे काम फार अवघड होते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदासुद्धा तेव्हा नव्हता, तो ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला.

मिलवर्मची ही गोष्ट ऐकून विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. म्हणून तिथे थांबणे धोक्याचे आहे. तो काळ वेगळा होता, हे पुढच्या उदाहरणांतून दिसेल.

लपणे म्हणजे गर्दीत असणे

निनावीपणाची व्याख्या विद्यार्थी बहुधा "नाव न सांगणे" अशी लिहितात. परीक्षेत मी तिला अर्धाच गुण देतो. आपण ज्या गर्दीतले एक असू शकतो, त्या गर्दीचा आकार म्हणजे आपला निनावीपणा. या गर्दीला निनावी-संच म्हणू.

एक उदाहरण आमच्या भागातले घेऊ. मी जबलपूरला गोरखपूर भागात राहतो. (गोरखपूर म्हटले की सगळ्यांना उत्तर प्रदेश आठवतो. हे ते नव्हे, आमचे गोरखपूर जबलपूर शहरातली एक वस्ती आणि बाजार आहे.) समजा, 'क्ष' नावाने वावरणारा कोणी एखाद्या गटाच्या गप्पांत लिहितो, "मी गोरखपूरचा." वाचणारा उत्तर प्रदेशातल्या मोठ्या शहराकडे वळतो आणि 'क्ष' सुरक्षित राहतो. महिनाभराने तो सहज लिहितो, "आज छोटी लाईन फाटकाजवळ अर्धा तास अडकलो." उत्तर प्रदेश संपले, जबलपूर नक्की झाले. छोटी लाईन आता गेली, रूळ रुंद झाले, पण जागेचे नाव लोकांच्या तोंडी तेच आहे. पुढे एकदा तो चिडतो आणि त्याच्या हिंदी वाक्यात 'च्यायला' येऊन जाते. जबलपुरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण शहराच्या मानाने थोडी. मग तो लिहितो, "उद्या तिसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर आहे." आता कोणताही आयपी पत्ता न शोधता, मी स्वतः दोन-तीन फोन करून त्याच्या आईला गाठू शकेन.

हेच बिटांत मोजता येते. जगाची लोकसंख्या सुमारे ८०० कोटी, आणि २ चा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी येतो. म्हणजे जगातून एक माणूस निवडायला साधारण ३३ बिट माहिती लागते. जबलपूर शहराची वस्ती दहा लाखांच्या पुढे आहे, म्हणजे सुमारे २० बिट. 'फाटक' या एका शब्दाने १३ बिट उघडे पडले. स्त्री की पुरुष हे कळले की आणखी १ बिट गेला. वाढदिवसाची तारीख कळली, वर्ष नसले तरी, की साडेआठ बिट गेले. उरले साडेदहा, म्हणजे दीड हजाराहून थोडी कमी माणसे. त्यांत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला किती असतील, ते तुम्हीच सांगा. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सगळ्या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात असे त्यात गृहीत धरले आहे. पण गर्दी किती झपाट्याने ओसरते, ते त्यातून कळते.

टॉर काय करते आणि काय करत नाही

निनावी राहण्याच्या साधनांत टॉर सर्वांत प्रसिद्ध आहे. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकात एक कूटबद्ध थर, ही त्यामागची कल्पना अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यात विकसित झाली. तुमचा संदेश तीन रिले संगणकांतून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळते, पण कुठे जाता ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे जाता ते कळते, पण तुम्ही कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही.

नौदलाने बनवलेली गोष्ट सगळ्या जगाला फुकट का दिली, असे वर्गात विचारले की शांतता पसरते. उत्तर वरच्या व्याख्येत आहे. टॉर फक्त नौदलाचे लोक वापरू लागले असते, तर टॉरमधून येणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे उघड झाले असते. गर्दी हवी, म्हणून पत्रकार, कार्यकर्ते, सामान्य माणसे आणि गुन्हेगार अशा सगळ्यांना दार उघडे ठेवावे लागले.

गर्दी नसेल तर टॉरचे काय होते, याचे उदाहरण विद्यार्थ्यांचेच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या सकाळी बाँबच्या धमकीचे ई-मेल आले. पाठवणाऱ्याने टॉर आणि तात्पुरता ई-मेल पत्ता, दोन्ही वापरले होते. पण तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता. ई-मेलाच्या मागे टॉर आहे हे तपासणाऱ्यांना कळले. मग त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडले होते, एवढेच पाहायचे राहिले. त्यातून ते एका विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले आणि त्याने कबुली दिली. त्याला परीक्षा टाळायची होती. टॉरचे कूटलेखन कोणी फोडले नव्हते, त्याची गरजच पडली नाही.

टॉरची दुसरी मर्यादा वेळेची आहे. तुमच्या बाजूची वाहतूक आणि पलीकडची वाहतूक अशी दोन्ही टोके कोणी एकाच वेळी पाहत असेल, तर मधले तीन टप्पे निरुपयोगी ठरू शकतात. इकडे दिवा लागला की तिकडे लागतो, इकडे विझला की तिकडे विझतो, एवढे जुळवले की पुरते.

गट कसे फुटतात

२०११ मध्ये 'अ‍ॅनॉनिमस' या सैल समूहातून 'लुल्झसेक' हा छोटा गट पुढे आला. त्याचा म्होरक्या 'साबू' नावाने वावरत असे. गप्पांच्या सर्व्हरवर तो एकदा टॉर न लावता आला आणि तेवढ्याने त्याचा खरा पत्ता नोंदीत आला, असे त्या वेळच्या बातम्यांत सांगितले गेले. जून २०११ मध्ये एफबीआय त्याच्या न्यूयॉर्कच्या घरी पोहोचली. त्यानंतर कित्येक महिने तो त्याच टोपणनावाने, त्याच सहकाऱ्यांशी बोलत राहिला, फक्त आता एफबीआयसाठी. मार्च २०१२ मध्ये हे उघड झाले.

त्या काळात साबूशी बोलणाऱ्यांत शिकागोचा जेरेमी हॅमंड होता. डिसेंबर २०११ मध्ये 'स्ट्रॅटफोर' या खासगी गुप्तवार्ता कंपनीचे लाखो ई-मेल ज्या घुसखोरीत बाहेर आले, त्यात तो होता. पुढे विकिलीक्सने ते ई-मेल प्रसिद्ध केले. आमच्या मध्य प्रदेशासाठी त्यातली एक गोष्ट महत्त्वाची होती. भोपाळ वायुपीडितांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हालचालींवर ही कंपनी डाऊ केमिकलसाठी लक्ष ठेवत होती, हे त्या ई-मेलांतून दिसले. अशा वेळी मन द्विधा होते. मी तुम्हांला एका बाजूला ढकलणार नाही, पण हॅमंडला नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

हॅमंड टॉर वापरत होता आणि काळजीने वापरत होता. त्याला पकडले ते आमच्या 'क्ष'सारखेच. वेगवेगळ्या टोपणनावांनी तो बोलता बोलता सांगून गेला होता की २००४ मध्ये एका निदर्शनात त्याला अटक झाली होती, तो तुरुंगात जाऊन आला आहे आणि दुकानांनी कचऱ्यात टाकलेले अन्न तो वापरतो. प्रत्येक वाक्य एकेकटे निरुपद्रवी होते. ती एकत्र ठेवल्यावर गर्दी संपली. मग त्याच्या घराबाहेर पाळत बसली. तो घरात शिरला की टॉरची वाहतूक सुरू होई आणि इकडे साबूच्या पडद्यावर ते टोपणनाव हजर होई. बाहेर पडला की दोन्ही बंद. मघाचा दिव्याचा दाखला आठवा.

गटाला माणसे जोडण्यासाठी विश्वास लागतो आणि विश्वासासाठी स्वतःविषयी काहीतरी सांगावे लागते. एकटा माणूस वर्षभर गप्प बसू शकेल, पण गटात राहून गप्प बसणारा गटात टिकत नाही. म्हणून हॅक्टिव्हिस्ट गटाची अडचण मुळात तांत्रिक नसते, असे मला वाटते.

बाकीची उदाहरणे थोडक्यात. अमेरिकेत पोलिसांची संकेतस्थळे फोडणाऱ्या एकाने २०१२ मध्ये आपल्या मैत्रिणीचा, हातात खिजवणारी पाटी धरलेला फोटो टाकला. फोटोच्या फाइलीत फोनने जीपीएसचे अक्षांश-रेखांश आपसूक लिहिले होते आणि ते ऑस्ट्रेलियातल्या तिच्या घराचे निघाले. लुल्झसेकच्या आणखी एकाने २०११ मध्ये व्हीपीएन वापरले होते. त्या ब्रिटिश कंपनीकडे न्यायालयाचा आदेश आला आणि तिने नोंदी दिल्या. शेवटच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे : व्हीपीएनमुळे तुमचा पत्ता नाहीसा होत नाही, तो फक्त एका कंपनीच्या हवाली होतो. भारतात सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपायची आहे.

सर्वांत जास्त तरुण सापडले ते मात्र एका बटणामुळे. डिसेंबर २०१० मध्ये पेपालने विकिलीक्सच्या देणग्या थांबवल्या. त्यावर अ‍ॅनॉनिमसने लोकांना 'लोईक' हे साधन उतरवून पेपालच्या सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करायला सांगितले. पत्ता लिहा, बटण दाबा, झाले. हे साधन वापरणाऱ्याचा आयपी पत्ता लपवत नव्हते. आणि त्यासमोर टॉर लावावे तर सगळा भार टॉरच्याच रिलेंवर पडतो, पेपालपर्यंत मारा धड पोहोचत नाही. हजारो लोक आहेत, माझ्या एकट्याकडे कोण पाहणार, असा हिशेब मुलांनी केला. पेपालने सर्वाधिक मारा करणारे सुमारे एक हजार पत्ते एफबीआयला दिले आणि जुलै २०११ मध्ये या प्रकरणात १४ जणांना अटक झाली. गर्दी होती, पण प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक लिहिलेला होता.

आपल्याकडे मे-जून २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर काही संकेतस्थळे सरसकट बंद झाली, तेव्हा अ‍ॅनॉनिमसच्या नावाने हल्ले झाले आणि ९ जूनला मुंबईसह अनेक शहरांत तरुण मुखवटे लावून रस्त्यावर उतरले. मैदानात मुखवटा लावून घोषणा देणे आणि घरी बसून सर्व्हर पाडणे यांत कायद्याने मोठे अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ आणि ६६ लागते आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "मी फक्त बटण दाबले" हा बचाव त्यात नाही.

नोंद चुकीची वाचली तर

इथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल की नोंद म्हणजे पुरावाच. आता पुण्याची गोष्ट ऐका.

२००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कोणीतरी आक्षेपार्ह मजकूर टाकला. लोक संतापले, पुणे पोलिसांनी तपास सुरू केला, मजकूर टाकणाऱ्याचा आयपी पत्ता मिळवला आणि तो कोणाच्या नावावर आहे ते इंटरनेट कंपनीला विचारले. कंपनीने एक नाव दिले. ऑगस्टच्या अखेरीस पोलिसांनी बेंगळुरूला जाऊन एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. तो सुमारे ५० दिवस कोठडीत आणि येरवडा तुरुंगात राहिला. नंतर कळले की तो पत्ता त्याचा नव्हताच. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती.

आयपी पत्ता हा माणसाचा पत्ता नाही. तो एका वेळी, एका जोडणीला दिलेला क्रमांक असतो. घरगुती जोडणीत तो बदलत राहतो. आज रात्री माझ्याकडे असलेला उद्या सकाळी शेजाऱ्याकडे असू शकतो. म्हणून वेळेवाचून आयपी पत्त्याला अर्थ नाही, आणि वेळ कोणत्या विभागाची हे माहीत नसेल तर वेळेलाही नाही. परदेशी सर्व्हरची नोंद बहुधा यूटीसीत असते, भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. नोंदीत १४ तारीख, २०:१० लिहिले असेल, तर आपल्याकडे १५ तारखेचे ०१:४० वाजलेले असतात. तारीखच बदलली.

शिवाय आता मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात. तेव्हा ग्राहक वेगळा ओळखायला पत्ता आणि वेळेसोबत स्रोत-पोर्टचा क्रमांकही लागतो. सर्व्हरने तो नोंदवून ठेवावा, अशी शिफारस आरएफसी ६३०२ मध्ये २०११ सालीच केलेली आहे. किती सर्व्हर तो नोंदवतात, ते तुमच्या प्रयोगशाळेतला सर्व्हर उघडून पाहा. नेहमीच्या अपाचे लॉगमध्ये तो नसतो, मुद्दाम लावावा लागतो.

मला हे पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे पान रात्रीतून बदलले गेले. फीवाढीविरुद्ध चार ओळी आणि तोच तो हसरा मुखवटा. सर्व्हरच्या नोंदीत आलेला पत्ता वसतिगृहाचा होता. वसतिगृहातल्या तीनशे मुलांचा बाहेरचा पत्ता एकच. त्यातला एक मुलगा हुशार, लिनक्सवाला, फीविरुद्ध बोललेला. त्याला बोलावले गेले. त्याचा लॅपटॉप ठेवून घेतला, वडिलांना गावाहून यायला लावले. समितीत मला तांत्रिक माणूस म्हणून बसवले होते आणि पहिल्या दिवशी मीही मान डोलावली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी फायरवॉलच्या नोंदी मागितल्या. आतल्या कोणत्या यंत्राने कोणते पोर्ट वापरले, ही नोंद कोणी चालूच केलेली नव्हती. फायरवॉलचे घड्याळ अकरा मिनिटे मागे होते. आणि त्या रात्री तो मुलगा कटनीहून सुटलेल्या गाडीत होता, तिकीट त्याच्या पाकिटात होते. ते पाहायला कोणी मागितले नव्हते. पान कोणी बदलले ते शेवटपर्यंत कळले नाही. लॅपटॉप परत मिळायला सेमिस्टर संपले आणि माफीचे पत्र निघाले नाही.

सर्ट-इनच्या ज्या निर्देशांचा वर उल्लेख केला, त्यांतच नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालसर्व्हरशी जुळवावीत, असेही म्हटले आहे. वर्गात हा भाग कंटाळवाणा वाटतो. तुमच्यापैकी बरेच जण चार-पाच वर्षांत कुठल्यातरी कंपनीत, बँकेत किंवा इंटरनेट पुरवठादाराकडे बसून पोलिसांच्या अशाच एखाद्या पत्राला उत्तर लिहीत असतील. पत्रात आयपी पत्ता असेल, तारीख असेल आणि खाली "तातडीचे" असा शिक्का असेल.

स्वाध्याय

तुमच्या इंटरनेट कंपनीकडे असे पत्र आले आहे : "दिनांक ३१ रोजी रात्री ११:५० वाजता अमुक आयपी पत्ता वापरणाऱ्याचे नाव व पत्ता कळवावा." मूळ नोंद परदेशी सर्व्हरवरची आहे आणि पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे.
१) नाव कळवण्याआधी पोलिसांना कोणकोणत्या गोष्टी विचाराल?
२) पत्रातली वेळ यूटीसी असेल, तर भारतीय वेळेनुसार तारीख आणि महिना कोणता?
३) त्या मिनिटाला तो पत्ता २५६ ग्राहकांकडे होता आणि पोर्ट क्रमांक मिळाला नाही, तर किती बिट माहिती कमी पडते? अशा वेळी उत्तरात काय लिहाल, ते पूर्ण वाक्यांत लिहा.